आमच्या रथाचा जीर्णोद्धार

शास्त्रकारांनी वानप्रस्थाश्रमाची योजना केली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे अरण्य, पर्णकुटी आणि मृगाजिन असावे. मोटारीचा गंजलेला सांगाडा, डिझेलने भरलेली परात आणि कोपरापर्यंत काळे झालेले हात ही सामग्री त्यांना खास सुचली नसेल. तथापि आमच्या उतारवयातील तीन वर्षे याच सामग्रीच्या सहवासात गेली. सदतीस वर्षे मुलांकडून विभक्ती घोकून घेतलेल्या माणसाने हाती पाना धरावा हे पाहून शेजारीपाजारी प्रथम हसले, मग कुतूहलाने डोकावू लागले, आणि शेवटी शेवटी तर भाजी घेता घेता ‘मास्तर, आज काय बसवले?’ अशी चौकशी करू लागले. या उद्योगात आम्ही यंत्रशास्त्र थोडेफार शिकलो. परंतु जे शिकलो त्यातील बरेचसे यंत्राविषयी नव्हते. तेच येथे सांगावयाचे आहे.

सातारच्या आमच्या जुन्या वाड्याच्या मागील अंगास एक पत्र्याची पडवी होती. तीत चाळीस वर्षे एक मोटार उभी होती. लांबलचक नाक, त्याच्या दोहो अंगांस सुट्या पंखांसारखे मडगार्ड, थाळ्याएवढे दिवे, सायकलीसारख्या तारांची उंच चाके, पाठीवर उभी बांधलेली पेट्रोलची टाकी, आणि बसावयास फक्त दोन माणसांपुरती जागा. दारे मागच्या बाजूस बिजागऱ्यांवर टांगलेली, म्हणजे आजच्या मोटारींच्या अगदी उलट उघडणारी. पुढची काच आडवी पाडता येते, मग वारा थेट तोंडावर. छत असून नसल्यासारखे. संसारी माणसाने हिच्यापासून दूर राहावे, असेच हिचे एकंदर रूप.

हिचे नाव एम.जी. टीसी. इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे मॉरिस गराजेस नावाची पेढी होती. तिच्या नावाची ही आद्याक्षरे. सेसिल किंबर नावाच्या तिच्या व्यवस्थापकाने साध्या मॉरिस गाड्यांवर हलकी, चपळ शरीरे चढवून या घराण्याचा आरंभ केला. १९२९ साली कारखाना ऑक्सफर्डनजीक ॲबिंग्डन या गावी गेला. महायुद्ध संपत आले असता, १९४५ च्या फेब्रुवारीत, लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातील रेल्वे अपघातात किंबर मरण पावले. आणि त्याच वर्षी युद्ध संपताच ही टीसी बाजारात आली. १९४९ पर्यंत अशा सुमारे १०,००० गाड्या झाल्या. त्यांपैकी सुमारे २,००० अमेरिकेत गेल्या, आणि चक्र उजव्या हातास असूनही तेथील तरुणांनी त्या डोक्यावर घेतल्या. ब्रिटिशांचा व्यापार जेथे जेथे होता तेथे तेथे थोड्याफार पोचल्या. तशा आपल्याकडेही आल्या. १२५० घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन आणि ५४ अश्वशक्ती, एवढाच हिचा कारभार. आजच्या एखाद्या लहानशा कुटुंबवत्सल मोटारीचे बळही याहून अधिक असते. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० साली बंद झाला. त्याच नावाच्या मोटारी २०१९ पासून गुजरातेत हालोल येथे तयार होऊन आपल्या रस्त्यांवर धावतात खऱ्या. परंतु त्यांचे आणि हिचे नाते आडनावापुरतेच.

आमच्या पडवीतील गाडी १९४८ सालची. ती आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी, १९७४ साली मुंबईच्या एका पारशी गृहस्थांकडून सात हजार रुपयांस घेतली. तेव्हा आम्ही सोळा वर्षांचे होतो. दादा नोकरीस लागून सहा-सात वर्षे झाली होती, नुकतेच लग्न झाले होते. सात हजार रुपयांत त्या काळी काय काय झाले असते याची यादी वडिलांनी जेवताना एकवार म्हणून दाखविली, आणि मग ते काही बोलले नाहीत. पुढे सात वर्षे ती गाडी चालली. रविवारी सकाळी दादा आणि वहिनी तीतून माहुलीस जाऊन येत. वहिनींचा पदर उडू नये म्हणून आईने त्यांना एक मोठी पिन दिली होती, ही आठवण घरात अजून निघते. १९८१ साली इंजिनाने आवाज केला आणि गाडी थांबली. दादांनी ती ढकलून पडवीत आणली, आणि सवडीने सुटे भाग जमविण्यास प्रारंभ केला. विलायतेतून एखादे पार्सल येई. जकातीचा कागद पाहून घरात कुजबुज होई.

१९८३ साली धाकट्या बहिणीचे लग्न ठरले. घरात पैशाची ओढ होती. अशा वेळी टपालवाला असेच एक पार्सल घेऊन आला. आम्ही तेव्हा पंचवीस वर्षांचे, शाळेत नुकतेच कायम झालेले, आणि म्हणून स्वतःस फार शहाणे समजणारे. सर्व मंडळींच्या देखत आम्ही म्हणालो, ‘घरात कार्य उभे राहिले आहे, आणि दादा लोखंडाला तूप पाजताहेत.’ वाक्य चटकदार झाले याचा त्या क्षणी आम्हांस आनंदही झाला, हे लपवीत नाही. दादा काही बोलले नाहीत. त्यांनी पार्सल न फोडताच पडवीत ठेवले, दारास कुलूप लावले, आणि दुसऱ्या दिवशी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून लग्नाचा अर्धा खर्च उचलला. त्यानंतर आमच्या देखत त्यांनी त्या गाडीचा विषय कधीच काढला नाही. पुढे एकतीस वर्षे आम्ही एका पंक्तीस जेवलो, एका देव्हाऱ्यापुढे बसलो. आमच्यात वितुष्ट असे कधी आलेच नाही. परंतु तो शब्द आम्ही परत घेतला नाही. आज घेऊ, उद्या घेऊ, असे करता करता २०१४ साली दादाच गेले.

२०२२ साली वहिनींचे गुडघे दुखू लागले. माडीवर चढणे जड जाऊ लागले तेव्हा पडवी पाडून तेथे त्यांच्यासाठी तळमजल्यावर एक खोली बांधावी असे सर्वांनी ठरविले. मग गाडीचे काय करावयाचे? भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला. एका शौकीन गृहस्थांनी आहे त्या स्थितीत उचलून नेण्याची तयारी दाखविली. पुण्यास यंत्रांच्या कारखान्यात असलेला पुतण्या म्हणाला, ‘काका, आपणच करून पाहू या. शनिवार-रविवार मी येत जाईन.’ निर्णय वहिनींवर सोपविला. त्या म्हणाल्या, ‘विकायची असेल तर विका. पण आधी एकदा चालती करा. बंद गाडी घरातून बाहेर जाऊ नये.’ झाले! पडवी पाडण्याचे काम लांबणीवर पडले, आणि वहिनींची सोय आम्ही आमच्या खालच्या खोलीत करून स्वतः माडीवर गेलो.

पुतण्याने पहिल्याच दिवशी आम्हांस आमचे काम नेमून दिले: लेखनिकाचे. गाडी सोडविणे सोपे, जोडणे कठीण. सोडविताना प्रत्येक बोल्ट हसतमुखाने बाहेर येतो, आणि वर्षभराने तोच बोल्ट हाती घेऊन माणूस ‘हा कोठला?’ म्हणून आकाशाकडे पाहतो. तेव्हा प्रत्येक भाग काढला की त्याचे छायाचित्र घ्यावयाचे, पिशवीत घालावयाचा, पिशवीस क्रमांक द्यावयाचा आणि वहीत नोंद करावयाची. आम्हांस एकदम पदपाठाची आठवण झाली. ऋग्वेदाची संहिता संधींनी जोडलेली, अखंड. शाकल्याने तिचे एकेक पद सुटे करून पदपाठ सिद्ध केला, आणि त्या सुटेपणामुळेच संहिता जशीच्या तशी राहिली. सोडविणे हे मोडण्यासाठी नसून राखण्यासाठी असते, हे तत्त्व वर्गात आम्ही किती वेळा सांगितले होते! वहीत एकूण ६१४ नोंदी झाल्या. नातवंडे सुटीत परातीत बोल्ट धुवावयास बसत. एका बोल्टास चार आणे असा भाव त्यांनी प्रथम मान्य केला, पण चार आणे म्हणजे काय हे कळताच त्यांनी तो एक रुपयावर नेला.

येथे एक व्याकरणाचे कोडे निघाले. इंग्लिश गाडी म्हणून आम्ही व्हिटवर्थच्या मापाचे पाने मिळविले. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली इंग्लंडात आट्यांचे प्रमाण ठरविले, त्याच नावाचे हे माप. पाने बोल्टांच्या डोक्यांस चपखल बसले. परंतु एक बोल्ट बाद झाला म्हणून त्या मापाचा नवा आणला, तर तो इंजिनात शिरेना! मिस्त्री म्हणाले, ‘मास्तर, डोके इंच-मापाचे आणि आटे मिलिमीटरचे, असे कधी पाहिले नाही.’ शोध घेता उलगडा झाला. मॉरिसची इंजिने कॉव्हेंट्रीच्या ज्या कारखान्यात होत तो मूळचा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. मॉरिसने तो १९२३ साली घेतला. यंत्रे फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक. गिऱ्हाईक इंग्रज, त्याच्याजवळचे पाने व्हिटवर्थचे, म्हणून डोकी त्या मापाची. जणू प्रकृती एका भाषेची आणि प्रत्यय दुसरीचा! आपल्या ‘कारकुनी’, ‘फौजदारकी’ या शब्दांकडे पाहिले म्हणजे हसावयाचे कारण उरत नाही. पुढे प्रत्येक नवा बोल्ट आटे पाहून घ्यावयाचा आणि डोके पाहून नव्हे, हा नियम आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

इंजिन गंजून घट्ट बसले होते. अशा वेळी बळ कामाचे नाही. प्लग काढून चारी सिलिंडरांत पातळ तेल ओतले आणि तीन आठवडे दार लावून ठेवले. चौथ्या आठवड्यात गाडी वरच्या गिअरात घालून दोघांनी चाके धरून हळूहळू मागेपुढे हलविली. आठव्या दिवशी आत काहीतरी केसभर सरकल्याचे हातास जाणवले. त्या दिवशी घरात शिरा झाला. मात्र याच इंजिनाने आम्हांस शिक्षाही केली. गणपतीपूर्वी गाडी उभी करावयाची, या हौसेपोटी आम्ही एका वर्कशॉपात सिलिंडर बोअर करावयास दिले. नवे पिस्टन अद्याप वाटेत होते. तेथील माणसानेही थांबा म्हटले नाही, आणि अंदाजाने माप धरले. पिस्टन आले ते सैल! मग दुसरीकडे लाइनर घालून पुन्हा बोअर करणे आले. चार महिने आणि चाळीस हजार रुपये गेले. कारागिराची चूक होती खरी, पण घाई आमची होती. कोणास असे काही करावयाचे असल्यास त्याने एवढे ध्यानात ठेवावे: आधी पिस्टन हाती घ्यावेत, मग बोअर, कारण छिद्र पिस्टनाच्या मापाने करावयाचे असते, पिस्टन छिद्राच्या मापाने मिळत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. जीर्णोद्धार म्हणजे काय? वरचा लाल रंग पॉलिशपेपरने घासता घासता खाली मलईचा रंग लागला. त्याच्या खाली काळा. आणि तावदानी फळीच्या मागे, जेथे कोणाचा कुंचला पोचला नव्हता तेथे, गडद हिरवा. हा कारखान्यातला. आमच्या आठवणीतील गाडी लाल. वहिनींच्या सर्व रविवारांतील गाडी लाल. परंतु मूळची हिरवी. यांतील खरी कोणती? सरकारी नियमही या प्रश्नास टाळीत नाही. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने मोटारवाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ अशी स्वतंत्र नोंद सुरू केली. पूर्वी नोंदलेल्या गाडीस जुना क्रमांक राखता येतो. मात्र तिचा सांगाडा, शरीर आणि इंजिन मूळ रूपात असावे, त्यांत मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. नेहमीच्या रहदारीत किंवा धंद्यासाठी ती वापरावयाची नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणावयाची.

मूळ रूपाचा हा ध्यास आम्हांस परका नव्हता. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. एकूण १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. १९२५ पासून डॉ. सुकथनकरांनी घालून दिलेली शिस्त अशी की, ज्याला हस्तलिखितांचा आधार तेच मूळ संहितेत. जे मागाहून शिरले ते बाहेर. पुतण्यास आम्ही मोठ्या ऐटीने म्हणालो, ‘आपली गाडीही अशीच करावयाची. प्रक्षेप तेवढे काढून टाकावयाचे. रंग हिरवा, लाकूड ॲशचे, आणि बोल्ट न् बोल्ट १९४८ चा.’ तोही खूष झाला. या मताने आम्ही सहा महिने चाललो.

पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल की या गाडीची चासी पोलादी असली तरी वरचे शरीर लाकडाच्या चौकटीवर पत्रा ठोकून केलेले असते. ती चौकट ॲश नावाच्या विलायती वृक्षाची. हे लाकूड चिवट, लवचिक, धक्का सोसणारे. क्रिकेटच्या यष्ट्या आणि हत्यारांचे दांडे पूर्वीपासून याचेच करतात. परंतु साताऱ्याचा पावसाळा आणि आमच्या पडवीतील वाळवी यांची ओळख त्यास कोठून असणार? उजव्या बाजूची चौकट हाताने कुसकरता येईल इतकी गेली होती. तयार तोडलेली ॲशची चौकट विलायतेत आजही मिळते, ती मागविली. जुनी सोडविण्यास आमचे नेहमीचे सुतारमामा आले. उजवीकडील काम उरकून ते डाव्या दाराच्या मागल्या खांबापाशी आले, आणि म्हणाले, ‘मास्तर, हे लाकूड इंग्रजांचे नव्हे. हा आपला साग आहे. आणि ज्याने बसवला त्याचा हात सुताराचा नाही, पण सांधा प्रामाणिक आहे.’

पत्रा दूर करून आम्ही बॅटरी धरली. हातभर लांबीचा सागाचा तुकडा, जुन्या लाकडास बेमालूम जोडलेला. त्यावर पेन्सिलीने, दादांच्या त्या सरळ, कोरीव अक्षरात तीन ओळी होत्या:

‘हे मूळचे नव्हे.
साग. झोपाळ्याची फळी.
१२-६-२००३.’

आम्ही तेथेच उपड्या बादलीवर बसलो. आई २००२ साली गेली. तिच्यामागे माजघरातला झोपाळा कोणी वापरीना, म्हणून उतरविला होता; कड्या देवघराच्या फडताळात आहेत, फळीचे काय झाले ते कोणी विचारले नव्हते. परंतु आमच्या मनास चटका बसला तो फळीने नव्हे, तारखेने. १९८३ साली आमच्या शब्दासरशी ज्या दारास कुलूप लागले, त्या दाराआड २००३ साली दादा काम करीत होते, आणि एकाच वाड्यात राहून आम्हांस त्याची गंधवार्ता नव्हती!

रात्री वहिनींस विचारले. त्या सुपारी कातरीत होत्या. म्हणाल्या, ‘भाऊजी, तुम्ही साडेदहाला शाळेत जात होता. तुमची सायकल दिंडीबाहेर पडली की हे किल्ली घेऊन मागे जायचे. रिटायर झाल्यावर रोजच. पाचच्या आत हात धुऊन ओटीवर पेपर वाचत बसलेले असायचे. मी एकदा म्हटले, आता इतकी वर्षे झाली, भाऊजी काही मनात ठेवून नाहीत. तर म्हणाले, तो चुकीचे बोलला नव्हता. त्याला कशाला पुन्हा आठवण?’

वाचकहो, आमच्या शब्दाने दुखावून दादांनी छंद सोडला, असे आम्ही इतकी वर्षे समजत होतो, आणि त्या समजुतीने मनाला टोचत होते. वस्तुतः त्यांनी छंद सोडला नव्हता. आम्हांस ओशाळे वाटू नये म्हणून तो आमच्यापासून झाकून ठेवला होता. वीस वर्षांमागे बोललेल्या एका वाक्याची लाज बोलणाऱ्याला वाटू नये, याची काळजी ज्याला ते लागले त्याने वाहावी! पहिल्या दुःखापेक्षा हे दुसरे जड होते, आणि तरी त्यात कोठेतरी सुटकाही होती.

आता त्या तुकड्याचे काय करावे? पुतण्याने ॲशचा नवा खांब पुढे केला. तो म्हणाला, ‘काका, तुमच्याच नियमाने हा प्रक्षेप. आणि बाबांनी स्वतःच लिहिले आहे, मूळचे नव्हे म्हणून.’ मुद्दा बिनतोड होता. आम्ही दोन दिवस विचार केला, आणि मग आमच्या ध्यानात आले की भांडारकरी आवृत्तीचा अर्धाच धडा आम्ही घेतला होता. त्या विद्वानांनी प्रक्षेप मूळ संहितेतून काढले खरे. पण जाळले नाहीत. ते सर्व तळटीपांत आणि परिशिष्टांत छापून ठेवले. हे मूळचे नव्हे, परंतु शतकानुशतके कोणीतरी श्रद्धेने जोडलेले आहे, ही गोष्टही सत्यच आहे, आणि सत्य पुसण्याचा अधिकार संपादकास नाही. किंबहुना दादांनी जे केले ते प्रामाणिक संपादकाचेच काम होते. त्यांनी जोड दिली आणि तिच्यावर स्वच्छ लिहून ठेवले की ही जोड आहे. लबाडी तेथे होते जेथे जोड मूळ म्हणून खपविली जाते.

मिलिंदपञ्हो या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजास विचारतो की आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय. आणि राजास प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागते. आमच्या गाडीतले पिस्टन नवे, तारा नव्या, उजवी चौकट नवी. मग दादांची गाडी ती कोणती? नागसेनाच्या वादात पडण्याचे आमचे सामर्थ्य नाही. परंतु एवढे खरे की तो सागाचा तुकडा काढल्यावर जी उरली असती ती १९४८ सालची कोणाचीही गाडी असती. सांगाडा, इंजिन, शरीर यांचे मूळ रूप त्या हातभर लाकडाने बिघडत नव्हते. सुतारमामांनी त्यावर नुसते तेल चोळले, अक्षरे न पुसता पत्रा पुन्हा बसविला. शेजारच्या नव्या ॲशवर पुतण्याने त्याच धर्तीने तारीख घालून लिहिले, ‘हेही मूळचे नव्हे.’ रंगाचा प्रश्न आम्ही वहिनींस विचारला. त्या म्हणाल्या, ‘लाल.’ लाल दिला. तावदानी फळीमागचा हिरवा मात्र तसाच ठेवला आहे.

पुढच्या जोडणीचा पाल्हाळ लावीत नाही. पदपाठाच्या वहीने आपले काम चोख बजावले. ६१४ पैकी सहा पिशव्या शेवटी उरल्या, त्यांतील चारींचा उलगडा झाला. विजेच्या कामात एक खबरदारी घ्यावी लागली. आजच्या गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक सांगाड्यास जोडतात, हिच्यात धन. हे न पाहता कोणी जोडणी केली तर नव्या उपकरणांचा धूर होतो. दुसरी खबरदारी पेट्रोलची. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरातील बुचाच्या चकत्या त्यास टिकत नाहीत, म्हणून त्या सर्व नव्या पदार्थाच्या घातल्या. खर्चाचा अंदाज तीन लाखांचा होता, झाले पावणेनऊ. आमच्या सौभाग्यवतींनी हिशेबाची वही पाहिली आणि त्या फक्त एवढेच म्हणाल्या, ‘लोखंडाला तूप बरेच लागले.’ हे वाक्य त्यांस कोणी सांगितले होते कोण जाणे.

२०२५ च्या दसऱ्यास सकाळी गाडी पडवीबाहेर काढली. हँडल मारावयाचा मान आम्हांस दिला गेला. अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावयाचा, मुठीभोवती वळवावयाचा नाही. कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. पहिल्या तीन वेळा नुसता उसासा. चौथ्या वेळी खोकला. पाचव्या वेळी निळा धूर, कानठळ्या, आणि मग एकसारखी लय. नातवंडांनी टाळ्या पिटल्या. वहिनींनी हळदकुंकू वाहिले, तोरण बांधले. पुतण्या चक्रावर बसला. शेजारची जागा त्याने आम्हांस देऊ केली. आम्ही ती वहिनींस दिली. त्यांनी आत जाऊन आईची ती मोठी पिन आणली, पदरास लावली, आणि उलट्या उघडणाऱ्या त्या दाराने गुडघे सांभाळीत बसल्या. यवतेश्वरच्या घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन अर्ध्या तासाने परत आल्या. डोळे वाऱ्याने लाल झाले होते, असे त्यांनी सांगितले.

ती माणसे आत गेल्यावर आम्ही रिकाम्या पडवीत थोडा वेळ थांबलो. जमिनीवर चाळीस वर्षांच्या तेलाचा डाग होता. तेथे उभे राहून आम्ही १९८३ चा तो शब्द मोठ्याने परत घेतला. ऐकणारे कोणी नव्हते. शब्द वेळेवर परत घ्यावयाचा असतो, हे आम्ही कोणास शिकविण्याच्या अधिकाराचे राहिलो नाही. परंतु ज्यांच्या घरी दादा अजून ओटीवर पेपर वाचीत बसलेले आहेत, त्यांनी हे पान खाली ठेवून जरा त्यांच्याजवळ जाऊन बसावे, एवढी विनंती.

शौकीन गृहस्थांचा निरोप दिवाळीत पुन्हा आला. रक्कम भरघोस होती. वहिनींस विचारले. त्या म्हणाल्या, ‘ती विकायची म्हणजे झोपाळा विकायचा.’ विषय संपला. पडवी पाडून झाली आहे, खोलीचा पाया भरला आहे. गाडी दिंडीदरवाजाच्या आत, देवडीत उभी असते, रस्त्यावरून जाणाऱ्यायेणाऱ्यास दिसेल अशी. तिच्याखाली रोज तेलाचे चार थेंब पडतात. पुतण्या म्हणतो, या जातीच्या गाड्यांचा तो स्वभावच आहे. आम्ही सकाळी तेथे एक जुनी परात सरकवून ठेवतो. किल्ली आता मागच्या खुंटीवर नसते. ती ओटीवर, सर्वांच्या डोळ्यांसमोर टांगलेली आहे.